मेंढ्याच्या शिंगाची मूठ

समजा, लिंबागणेशच्या अलीकडच्या एका गावात, एका घराच्या ओसरीवर तुम्ही दिपालीच्या शेजारी मांडी घालून बसला आहात. समोर तिचे आबा आहेत. खोबरेल तेलाची वाटी त्यांनी बाजूला सरकवली आहे. लष्करी कांबळ्याच्या एका लांब पट्टीवर ओळीने कप्पे शिवलेले आहेत आणि त्यांतल्या एका कप्प्यात आबांनी दोन बोटं घातली आहेत. बोटं रिकामीच बाहेर येतात. आबा कप्पा उलटा करून झटकतात. जराशी धूळ पडते, दुसरं काही नाही. आता तुम्ही काय कराल? बहुतेक खाली वाकाल, कॉटखाली डोकावाल, पट्टी उचलून बघाल. दिपालीने हे सगळं केलं.

"शोधू नको," आबा म्हणाले. "पडलेला न्हाई त्यो."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण वाटीवर झाकण ठेवताना ते वाकडं बसलं आणि आबांनी ते सरळ केलं नाही. इतकं दिपालीला पुरे होतं.

आबांचं नाव रामेश्वर, पण गाव त्यांना फौजी म्हणे. फौजेतून परत आलेल्या माणसाकडे पदकं असतात, फोटो असतात. आबांकडेही होते, आणि ते कुठल्या तरी पिशवीत पडून होते. त्यांनी जीव लावला होता तो चाकूंना. तेही कसले, तर खिशात मावणारे, घडीचे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना त्यांना लेबनॉनला पाठवलं होतं. तिथे देशोदेशीच्या पलटणी शेजारी शेजारी राहत आणि सुट्टीच्या दिवशी सैनिक आपापसांत वस्तूंची अदलाबदल करत. कोणी टोप्या घेई, कोणी घड्याळं. आबा समोरच्याला एकच गोष्ट विचारत, तुझा बाप खिशात कोणता चाकू ठेवतो? मग भाषा येवो न येवो, त्या माणसाचा चेहरा बदले, म्हणत आबा.

असा एकेक चाकू जमला होता. फ्रान्सचा होता लाकडी मुठीचा, गळ्याशी कडी असलेला. कडी फिरवली की पातं जागेवर घट्ट. स्पेनचा उघडताना कर्र कर्र वाजे, म्हणजे अंधारातही समोरच्याला कळावं. जपानचा म्हणजे नुसता दुमडलेला पत्रा आणि त्यातून डोकावणारी पात्याची छोटी शेपटी. घानाच्या सैनिकाने दिलेल्या चाकूच्या मुठीवर चांदण्या आणि चंद्रकोरी होत्या. आणि सगळ्यांत लाडका इटलीचा. इटलीतल्या एका बेटावरच्या मेंढपाळाच्या पोराने तो आबांना दिला होता. मूठ मेंढ्याच्या शिंगाची, मधासारख्या रंगाची. बदल्यात त्याने लोणच्याची अख्खी बरणी नेली होती. मंजुळाबाईंनी, म्हणजे दिपालीच्या आजीने, नवऱ्यासाठी इतक्या लांब पाठवलेली.

तोच कप्पा आज रिकामा होता.

दर रविवारी तेल लावता लावता आबा दिपालीला शिकवत. शाळेतल्या भूगोलापेक्षा तिला हा भूगोल आवडे. कोणत्या देशात चाकू भेट देताना सोबत नाणं द्यावं लागतं, म्हणजे मैत्री कापली जात नाही. कोणत्या देशात पातं मिटूनच पुढे करतात. आणि आपल्याकडे? आपल्याकडे चाकू हातातून हातात देत नाहीत, दोघांत भांडण लागतं. तो खाली ठेवायचा, समोरच्याने आपल्या हाताने उचलायचा. ही रीत आबा इतकी पाळत, की भाजी चिरायची सुरीदेखील त्यांनी कधी मंजुळाबाईंच्या हातात दिली नव्हती.

"पालावर नेलता," आबा म्हणाले. "परवा. नाथाला दाखवायला. परत आणलता."

शेवटचे दोन शब्द त्यांनी कवायतीतल्या हुकमासारखे उच्चारले. ते जरा जास्तच ठाम आहेत असं दिपालीला वाटलं, पण आबा चुकले असतील हे काही तिच्या मनात आलं नाही. आबांची कोणतीही वस्तू आजवर कधी कुठे राहिली नव्हती. तिच्या मनात आली ती बबिता.

जोंधळा निघाल्यावर आबांच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. दर साली बसवत. रात्रभर कळप वावरात बसतो, जमिनीला खत मिळतं, मेंढपाळांना दाणे मिळतात, आणि मग कळप पुढच्या गावाला जातो. या वर्षी नाथाचा कळप होता आणि रानातच त्याचं पाल, म्हणजे तंबू, ठोकलेलं होतं. सोबत त्याची आई सारजाबाई, बायको, दिपालीच्याच वयाची मुलगी बबिता, सामान वाहणारी एक घोडी आणि दोन कुत्री. रानात आल्यावर नाथाची बायको बाळंत झाली. मंजुळाबाई लगोलग बाजेवरची गोधडी आणि तूप घेऊन गेल्या होत्या.

बबिता त्यांच्याकडे पाण्याला येई. एकदा आबांनी तिच्यासमोर सगळे चाकू मांडले. इटलीचा तिने उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "आमच्या एडक्याच्या शिंगाचा वास हाय ह्याला." आबा इतके हसले, की डोळे पुसावे लागले. दिपालीच्या कुठल्याही बोलण्यावर ते कधी तसे हसले नव्हते. तेव्हा दिपालीने उगाचच पट्टीची नाडी ओढून बांधून टाकली होती. आता तिला आठवलं ते वेगळंच: चाकू खाली ठेवताना बबिताची बोटं मुठीवरून किती हळू सुटली होती.

बातमीला पाय फुटतात ते असे, की मंजुळाबाईंनी शेजारणीला विचारलं, तुमच्याकडं तर फौजींचा चाकू न्हाई ना राहिला, आणि घटकेत शहादेव ओसरीच्या पायरीशी हजर झाला. शहादेवचं रान आबांच्या बांधाला लागून. परवाच नाथाच्या मेंढ्या त्याच्या हरभऱ्यात शिरल्या होत्या आणि त्याने सारं शिवार डोक्यावर घेतलं होतं. ते दुखणं अजून ओलं होतं.

"म्या सांगत व्हतो, फौजी," तो बसता बसताच म्हणाला. "तुमी त्यांच्याशी लई गोड बोलता. परवा मेंढरं काढायला समदे पळाले. तुमी बी पळाले. पालावर कोन व्हतं? म्हातारी, बाळंतीण अन् ती पोरगी."

"मी परत आणलता," आबा म्हणाले.

"आणलता तर घरातून गेला. पाण्याला कोन येतंय घरात?"

शहादेवने आवाज खाली आणला. कळप उद्या पहाटे निघणार, हे त्याला कळलं होतं. एकदा घोडीवर लादलं, की मग कुठं हुडकणार? गावातल्या बजरंगला आणि अजून दोघांना घेऊन तो दिवस मावळायच्या आत येतो म्हणाला. सगळे मिळून जाऊ, बोचकी सोडायला लावू, असेल तर निघेल.

"अन् निघालं न्हाई तर?" दारातून मंजुळाबाईंनी विचारलं.

"तर काय, बांधतील परत."

तो गेल्यावर मंजुळाबाई बाहेर आल्या. नवऱ्याशी वाद घालायची त्यांची सवय नव्हती. त्या खांबाशी बोलल्यासारख्या बोलल्या. चार माणसांसमोर एकदा बोचकी सोडली, की त्यात काही सापडो न सापडो, पुढच्या वाटेवर एकही गाव या लोकांना रानात बसू देणार नाही. ओली बाळंतीण आणि इतकुसा जीव घेऊन ते जातील कुठं?

आबांनी पट्टीची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली. मग दिपालीकडे न बघता म्हणाले, "तू जाऊन बघून ये. काही इचारू नको. नुसतं बघ."

दिपाली उठली. आबांनी तिला आजवर पुष्कळ कामं सांगितली होती, पण हे काम हातात घेतल्याबरोबर कसंसंच वाटणारं होतं. तरी ती गेली. खरं सांगायचं तर तिला चाकू बबिताकडेच सापडायला हवा होता.

बघायला म्हणून निघालेल्या माणसाला सगळंच दिसायला लागतं. वाटेवरूनच तिला दिसलं, की घोडी पालाजवळ आणून बांधली आहे आणि दोन बोचकी आधीच गाठी मारून तयार आहेत. एरवी शेपटी हलवत येणारं काळं कुत्रं आज उठून उभं राहिलं आणि गुरगुरलं. नाथा कळपामागे गेलेला. कळप कोंडायची जाळी, तिला ते वाघर म्हणतात, निम्मी गुंडाळून झालेली. सारजाबाई पालाच्या तोंडाशी काही तरी निवडत बसली होती. दिपालीला बघताच तिने मागे हात नेऊन पालाच्या तोंडावरच्या घोंगडीची कड खाली ओढली, आतलं दिसू नये म्हणून.

बबिता धावत आली, पण नेहमीसारखी हात धरून आत नेण्यासाठी नाही. ती वाटेतच थांबली, पाल आणि दिपाली यांच्या मधोमध.

"कावून आली?"

"अशीच. बाळ बघायला."

"बाळ निजलंय." बबिताने मागे वळून आजीकडे पाहिलं. "आज आत न्हाई जायचं."

"का?"

"न्हाई जायचं म्हनली ना आजी."

"काय लपवलंय?"

काही विचारू नको, असं आबांनी सांगितलं होतं. पण शब्द निघून गेला. बबिताच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने पायाच्या अंगठ्याने मातीत एक रेघ ओढली, ती पुसली, आणि म्हणाली, "ते सांगायचं न्हाई. तुला तर न्हाईच न्हाई."

आणखी काय पुरावा पाहिजे? तेवढ्यात आत बाळ रडलं. बाळाच्या आईचा थकलेला आवाज आला, बबिते, झोळी हलव गं. बबिता आत वळली आणि तिच्या पाठोपाठ, कुणी काही म्हणायच्या आत, दिपालीने पालाच्या तोंडातून डोकं आत घातलं.

आत अंधार होता. धुरी दिल्याचा ओवा आणि मेंढ्यांच्या लोकरीचा मिळून एक उबदार वास होता. डोळे सरावल्यावर तिला झोळी दिसली. झोळीच्या खाली, जिथे बाळाचं डोकं येतं तिथे, जमीन सारवून हळदीची बोटं उमटवली होती. मध्ये एक लिंबू होतं. आणि लिंबाला टेकून, मिटलेला, मधाच्या रंगाच्या मुठीचा आबांचा चाकू.

चोर हा शब्द दिपालीच्या जिभेच्या टोकावर आला. तोंडही उघडलं होतं.

"बघितलंच शेवटी," मागून सारजाबाई म्हणाली. तिचा आवाज पकडल्या गेलेल्या माणसासारखा नव्हता. ती हसत होती, तिचे उरलेले दोन-चार दात दाखवत. "बघितलं तर बघितलं. ये माय, पाय धुऊन आत ये. उभ्यानं बघू नये लेकराला."

दिपालीने पाय धुतले. का धुतले, हे तिला नंतर सांगता आलं नसतं. ती झोळीजवळ बसली आणि सारजाबाई तिच्याजवळ टेकली. घरच्या माणसाला सांगावं तसं ती हळू बोलू लागली. परवा तुझा आबा आला. लेकरू घोंगडीवर निजलं होतं. त्याने खिशातून ही वस्तू काढली. नाथा समोरच बसलेला, पण नाथाच्या हातात नाही दिली. लेकराच्या उशाशी भुईवर ठेवली, आणि एक अक्षर न बोलता, मागं न बघता, मेंढरं हाकायला पळाला.

"जाणता हाय तुझा आबा," ती म्हणाली. "आमच्यात बी बाळाची वस्तू आई-बापाच्या हातात देत न्हाईत. उशाला ठेवायची अन् बोलायचं न्हाई. लोखंड असलं की लई चांगलं. वाईट वारं भवताली फिरत न्हाई. एकदा ठेवली की ती त्या लेकराची, मरेस्तोवर."

दिपाली चाकूकडे बघत राहिली. आबा चाकू कधी कुणाच्या हातात देत नाहीत. समोरच्याने उचलावा म्हणून खाली ठेवतात. परवा नाथा उचलणार होता. तेवढ्यात शहादेवकाकांची आरोळी आली असणार.

"मग लपवला कशाला?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

सारजाबाईने बबिताकडे पाहिलं. बबिता झोळीची दोरी धरून खाली बघत होती.

"आता तुला काय सांगू माय. इतकी मोलाची वस्तू. मला वाटलं, मंजुळाबाईला न इचारता दिली आसंल त्यानं. बायामाणसाला राग येतो. तुमच्या घरात आमच्यापायी कटकट नगं, म्हणून गावात कुनाला सांगायचं न्हाई, अशी म्या समद्यांची तोंडं बंद केली. ही पोरगी तर दोन दिस फुगलीय, दिपीला कावून सांगू नगं म्हणून."

बाळाने पुन्हा हुंकार दिला. सारजाबाईने झोळीत हात घालून कपडा सारखा केला आणि मग ती जे बोलली ते दिपालीशी नाही, त्या बाळाशीच.

"पोरगं झालं की समदी दुनिया ठेवती. पोरीच्या उशाला आजवर कुनी टाचणी बी ठेवली न्हाई. हिच्या बापानं आमच्या मेंढक्यांच्या साऱ्या वाड्यांवर, तळांवर तेवढं सांगितलंय, फौजीनं ठेवली म्हणून."

उद्या निघायचं म्हणून बारसं आजच उरकणार होते. दिवस मावळायला. बाळाची आत्या लांब, केजकडे. ती कुठून येणार? तेव्हा नाव फौजीनेच काढावं, असं नाथाचं म्हणणं होतं. निरोप द्यायला तो यायचाच होता. आता तूच सांग, म्हणाली सारजाबाई.

परतताना दिपाली बांधावर दोनदा थांबली. एकदा तिने काट्यासाठी पायातली चप्पल काढली; काटा नव्हता. दुसऱ्यांदा ती नुसतीच उभी राहिली. तिथून तिला दोन्हीकडचं दिसत होतं. मागे पालासमोर बबिता जमीन झाडत होती. पुढे घराच्या पायरीशी वहाणांचा ढीग पडला होता.

म्हणजे माणसं आली होती.

शहादेव, बजरंग आणि आणखी दोघं ओसरीवर बसले होते. चहा होऊन गेला होता. आबा कॉटवर ताठ बसलेले, डोक्यावर टोपी. दिपाली पायरीशी आली तशी सगळ्यांनी तिच्याकडे माना वळवल्या.

"दिसला का?" आबांनी विचारलं.

तुम्ही तिच्या जागी असता, तर काय सांगितलं असतं? हो म्हणावं, तर हे सगळे आत्ता उठतील. नाही म्हणावं, तरी उठतील, आणि बोचकी सोडायच्याही आधी त्यांना तो सापडेल. दोन्ही उत्तरं एकाच वाटेने पालाकडे जात होती. दिपालीने खांबाला हात लावला.

"आबा," ती म्हणाली, "सारजाआजीनं निरोप दिलाय. तुमी बाळाच्या उशाशी चाकू ठेवलात, त्यो हाय तसाच हाय. हळद लावून ठेवलाय. पोरीला आजवर कुनी ठेवला न्हवता म्हणली. आज दिवस मावळता बारसं हाय, नाव तुमीच काढायचं."

शहादेवने आधी दिपालीकडे, मग आबांकडे पाहिलं.

"दिला? फौजी, तुमी तर म्हनलात परत…"

"गप बे शहादेव," बजरंग म्हणाला. "त्यांना बोलू दे."

आबांचा उजवा हात मांडीवरून उठला, पालथा झाला आणि हळूहळू खाली जमिनीकडे गेला, काही तरी अलगद ठेवावं तसा. जमिनीच्या वितभर वर तो थांबला. तिथेच राहिला. आबा आपल्या त्या हाताकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

मंजुळाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि नवऱ्याचा हातही पाहिला होता.

"दिलाच न्हवं तुमी?" त्यांनी विचारलं.

आबांनी मान हलवली नाही. नाहीही म्हणाले नाहीत. त्यांची नजर गुंडाळून ठेवलेल्या कांबळ्याच्या पट्टीवर गेली, तिथून दिपालीवर आली आणि तिथेच राहिली.

"तुमालाबी बोलावलंय, काका," दिपाली शहादेवकडे वळून म्हणाली. "समद्यांना. या म्हणली सारजाआजी."

सारजाबाई असं म्हणाली नव्हती.

मग कोण काय म्हणतंय हे ऐकायला दिपाली थांबली नाही. ती पायरीशी उकिडवी बसली. तिथे पडलेल्या वहाणा तिने एकेक करून वेगळ्या केल्या, शहादेवच्या, बजरंगच्या, त्या दोघांच्या, आणि शेवटी आबांच्या. त्यांच्या जोड्या लावल्या. आणि मग प्रत्येक जोडीचं तोंड रानाकडे करून, एका ओळीत, ती त्या जमिनीवर मांडत गेली.